मुलींच्या शाळेची ओटी

बायांनो, आधीच सांगते, मी काशीला गेले नव्हते आणि रामेश्वरालाही नाही. मी गेले होते कल्याणला, शाळा बघायला. नातवंडं झालेल्या बाईने शाळा बघायला घाट उतरून जावं, हे ऐकून आमच्या शेजारच्या काकू इतक्या हसल्या की हातातलं सूप कलंडून निवडलेले तांदूळ अंगणभर झाले. तुम्हीही हसा आणि हसून झालं की पुढे वाचा.

झालं ते असं. आमच्या जुन्नरात मुलींची शाळा बांधायचं ठरत आलं होतं. जागा मुक्रर झाली, दगड येऊन पडला, आणि माझ्या धाकट्या भावाने, विष्णूने, नकाशा काढून पाठवला. विष्णू ठाण्याला असतो, इमारतींच्या कामावर ओव्हरसियर आहे. कल्याणला त्याने मुलींची एक शाळा बांधली, तिचाच हा नकाशा. शाळेच्या पंचमंडळीत मुख्य आमच्या घरचे. एवढं सगळं जुळून आलं आणि कल्याणहून बातमी आली, की तिथली शाळा बंद करायचं चाललंय; इमारत उत्तम आहे, पण आत मुलीच येत नाहीत.

मग काय विचारता! आमचे पंच ओटीवर बसून म्हणायला लागले, "कल्याणसारख्या बंदराच्या गावी मुली येत नाहीत, तर आपल्याकडे कुठून येणार? दगड धर्मशाळेला देऊन टाकावा." इकडे माझी नात ठकी रोज त्या दगडांवर कोळशाने 'ग' काढायची. तो 'ग' मी कुणाला पुसू द्यायची नाही. मी दाराआडून ह्यांना म्हटलं, "ऐकीव गोष्टीवर शाळा मोडण्यापेक्षा एकदा डोळ्यांनी बघून यावं. आपली सरू तिथे दिली आहे, व्याह्यांकडे उतरता येईल."

हे लगेच तयार झाले. शाळेसाठी झाले असं मी म्हणणार नाही. व्याह्यांकडे वालाचं बिरडं फार चांगलं होतं.

कल्याण

बैलगाडीचे हाल आणि आगगाडीचा धूर तुम्हाला सांगत बसत नाही. घाटात बोगदा आला की हे माझा हात घट्ट धरायचे आणि बोगदा संपला की सोडून बाहेर बघायचे, एवढंच सांगते. कल्याणला उतरलो तर हवा अशी ओलसर, की पापड अंगावर ठेवला तर मऊ पडेल. आमच्याकडे माघात ओठ फुटतात, इथे लोक उपरण्याने वारा घेत होते.

आमचे व्याही नानासाहेब हे बडं प्रस्थ. आवाज खणखणीत, कान मात्र जरा कमी. त्यांना दोन सुना. थोरली आमची सरू, आणि धाकटी गोदी, नऊ-दहा वर्षांची, अजून परकराची सवय न मोडलेली, लुगडं सारखं पायात येणारी. जेवायला बिरडं होतंच. पण ते सोलायचं काम बायकांचं. मोड आलेल्या वालाची सालं काढताना माझी नखं हिरवी झाली. मी सरूला म्हटलं, "बाई, आमच्याकडे मटकी बरी, मोड आले की थेट चुलीवर." सरू म्हणाली, "आई, माहेरी असताना तू मला सांगायचीस, काम करताना बोलू नये." घ्या! पोरगी सासरी मुरली.

माजघरातून मला ओटीवरचं बोलणं ऐकू येत होतं. नानासाहेब ह्यांना सांगत होते, "व्याही, शाळा काढली तेव्हा पहिलं नाव मी धाकट्या सुनेचं घातलं. लोकांनी नावं ठेवली, मी ऐकलं नाही. पण बघा नशीब! शाळेच्या ओटीवर मी रोज बसतो, सकाळपासून बसतो. आम्ही चौघं पंच असतो. एक पोर आत जाताना दिसेल तर शपथ!"

"आणि तुमची सून?" ह्यांनी विचारलं.

"ती घरातून निघते खरी. पण तिथे पोचत नाही. कुठे सागरगोटे खेळत बसते, देव जाणे. लहान आहे, रागवायला मन होत नाही. दोन दिवसांनी पंचांची बैठक आहे, तेव्हा शाळेचा निकाल लावून टाकू."

मी गोदीकडे पाहिलं. ती खाली मान घालून वाल सोलत होती. मात्र तिचे कान लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी विष्णू आम्हाला शाळा दाखवायला आला. इमारत पाहून मला भावाचा अभिमान वाटला हो! काळ्या दगडाचं उंच जोतं, वर विटा, सागाचं आढं, कौलं कशी एका ओळीत. मुलींना उजेड डाव्या हाताने यावा म्हणून खिडक्या कुठे काढल्या, ते त्याने समजावलं. उजवीकडून उजेड आला की आपल्याच हाताची सावली पाटीवर पडते म्हणे. चुन्यात खाडीची वाळू घालू दिली नाही, नाहीतर भिंतीला लोणा लागून पापुद्रे सुटतात. आणि पुढे, रस्त्याच्या बाजूने, अशी ऐसपैस ओटी, की एखाद्याची मुंज लागावी!

त्या ओटीवर नानासाहेब आणि तिघं वयस्कर गृहस्थ सोंगट्यांचा पट मांडून बसले होते. पानाचा डबा होता, तक्क्या होता, आणि खांबाला कुणाचं तरी पागोटं टांगलेलं होतं. हे पुढे झाले, त्यांना लगेच जागा मिळाली. एक फासा पडेपर्यंत आमच्या घरचे जुन्नर विसरले.

आता मी आत जायचं कसं? दार त्या ओटीच्या मधोमध. समोर व्याही. व्याह्यांच्या पटावरून पाऊल टाकून जाऊ? मी पदर पुढे ओढून इमारतीच्या कोपऱ्याआड उभी राहिले, तेवढ्यात मागून कुणीतरी माझा पदर खेचला. पाहते तर गोदी.

"मावशी, इकडून या. आवाज करू नका."

तिने मला इमारतीला वळसा घालून मागे नेलं. तिथे एक खिडकी, आणि खिडकीखाली पालथं घातलेलं उखळ. गोदीने लुगडं खोचलं, उखळावर पाय दिला आणि मांजरीसारखी आत गेली. मग आतून तोंड काढून म्हणाली, "हं, तुम्ही."

बायांनो, मी कशी आहे हे तुम्हाला माहीत आहे. अर्धी आत गेले आणि अडकले. आतून चार पोरी हात ओढताहेत, बाहेर माझे पाय हवेत, एक गाय येऊन माझ्या तळव्याचा वास घेते आहे. मी रामाचा धावा केला, तर आतून कुणीतरी म्हणालं, "हळू म्हणा, ओटीवर ऐकू जाईल." मग मनातल्या मनात धावा केला. शेवटी पोटातला श्वास सोडला आणि धपकन आत पडले, ती थेट पाट्यांवर.

डोळे उघडून पाहते, तर खोली मुलींनी भरलेली! भिंतीपर्यंत मुली! गंधाच्या, कुंकवाच्या, वेणीत शेवंती घातलेल्या, काहींच्या गळ्यात मंगळसूत्र. आणि सगळ्या कुजबुजत पाढे म्हणताहेत. पिंपळाच्या पानांची सळसळ असावी तसं ते ऐकू येत होतं.

शाळेच्या बाई पुण्याला शिकून आलेल्या, सडपातळ, चेहऱ्यावर हसू दाबलेलं. मी विचारलं, "अहो बाई, हे काय?"

त्या म्हणाल्या, "ओटीवर चौघींचे सासरे आहेत, सातआठ जणींचे चुलतसासरे आहेत, उरलेल्यांचे वडील येता-जाता टेकतात. पाटी घेऊन त्यांच्यासमोरून कोण जाईल? मी त्यांच्या आधी येते, त्यांच्यानंतर जाते, म्हणून मला दार मिळतं. ह्या मुलींनी आपली वाट काढली."

"मग त्यांना सांगा की जरा उठा म्हणून!"

"सांगितलं. म्हणाले, आम्ही शाळेची राखण करतो. आत मुली आहेत म्हटलं, तर म्हणाले, आम्ही काय आंधळे आहोत?"

"आत डोकावून तरी बघायचं होतं त्यांनी."

"सुना असतील तिथे सासरे कसे डोकावतील, आई?" बाईंना आता हसू आवरेना. "त्यांचं वळण चांगलं आहे. तेच तर संकट आहे."

निघताना गोदीने माझा हात आपल्या डोक्यावर ठेवला. "मावशी, शपथ घ्या. खिडकीचं कुणाला सांगणार नाही. मामंजींना कळलं, मी लुगडं खोचून खिडकी चढते, तर..." मी शपथ घेतली. घेतली आणि अडकले, खिडकीत अडकले होते त्याहून जास्त. बैठक दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी, आणि माझ्या तोंडाला कुलूप.

खाडीतून कोलशेतला

सकाळी विष्णू म्हणाला, "अक्का, चल, तुला खाडी दाखवतो. कोलशेतच्या बंदरावर माझा माल उतरलाय, तो घेऊन दुपारच्या भरतीने परत येऊ." हे म्हणाले, "मी येतो," मग म्हणाले, "की पटावर डाव अर्धा आहे, राहतो?" मी म्हटलं, "यायचं." आले.

ओहोटीबरोबर होडी भराभर निघाली. आम्ही घाटावरची माणसं. नदी म्हणजे एका बाजूला वाहणारी गोष्ट. ही खाडी सहा तास जाते आणि मन बदललं की परत येते. दोन्ही काठांना चिखल, चिखलात खेकडे, त्यांच्यामागे लांब चोचीचे पक्षी. डोंबिवलीची शेतं दिसली, कोपरची घरं मागे गेली. मिठागरांत पांढरे ढीग उन्हात असे चकाकत होते, की मला वाटलं कुणी दळण वाळत घातलंय.

कोलशेतला उतरले तर तिथेही विष्णूची एक लहानशी शाळा बांधून होत आली होती. तिच्या ओटीवर माणसं नव्हती, जाळी वाळत होती. जाळ्यांखालून दोन बकऱ्या आत गेल्या आणि आतून एक पोरगा बाहेर आला. मिठाच्या टोपल्या डोक्यावर घेतलेल्या आगरी बायका हसत चालल्या होत्या. त्यांतली एक धिप्पाड बाई, बायजा नावाची, विष्णूच्या कामावर विटा वाहायची. तिने मला शहाळं आणून दिलं.

"कंची गो बाय तू?" तिने विचारलं.

"घाटावरची. ओव्हरसियरची बहीण."

"तरीच नाक तेचेसारकं हाय!"

विष्णूचा माल होडीत चढायला लागला. लोखंडी गज! लांबच लांब, काळे, तेल लावलेले. मी विचारलं, "हे रे कशाला?"

तो ऐटीत म्हणाला, "कल्याणच्या शाळेच्या खिडक्यांना. कधीचे मागवले होते, आत्ता आले. शाळा चालो न चालो, उद्या सकाळी बसवून टाकतो. इमारत पुरी झाली पाहिजे."

माझ्या हातातलं शहाळं कलंडलं. बायजा गजांकडे बघून म्हणाली, "शालेला? अगो बाय, पोरी पलतान का काय?"

"विष्णू," मी म्हटलं, "गज नकोत."

"का?"

शपथ! मी म्हटलं, "वारा अडतो."

"गजांनी वारा अडतो? अक्का, काय बोलतेस!"

"मग उजेड अडतो. डाव्या हाताचा."

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बायकोला ऊन लागलंय का. मी दुसरीकडून सुरुवात केली. "बरं, एक सांग, तुझ्या शाळेला मागलं दार का नाही?"

"मागलं दार कशाला? शाळेत काय भांडी घासायची आहेत?"

"अरे, आपल्या घरी आई कुठून यायची-जायची? काकू कुठून? मी कुठून? जन्मभरात ओटीवरून किती वेळा गेले असेन मी? लग्नाच्या दिवशी गेले, तेही मामाने हात धरला म्हणून! मुलींची शाळा बांधलीस आणि बायकांची वाट ठेवायला विसरलास."

"अक्का, दार समोर हवं, ओटी हवी. ओटीशिवाय नुसती भिंत रस्त्याला आली तर लोक म्हणतील, ठाण्याच्या किल्ल्यातला तुरुंग इथे आणला."

"गज बसवल्यावर काय म्हणतील?"

बायजा खो खो हसली. टोपली डोक्यावर घेत म्हणाली, "आमचे बापये ओटीव बसले तं आमी टोपली घेवनशी तेंचेवरशीच जातंव. बाजू सर म्हनाचा, झाला!" मी तिला म्हटलं, "बायजा, आमच्याकडे तसं म्हणणारी अजून जन्मायची आहे." ती म्हणाली, "मंग घाल जल्माला!" आणि पाणी उडवत गेली. ह्यांनी ऐकलं नाहीसं दाखवलं.

परतताना मी त्या गजांवरच बसले होते, दुसरी जागाच नव्हती. होडी जड झालेली, भरती अजून पुरती चढलेली नव्हती. कोपरच्या अलीकडे होडी चिखलात रुतली. नाखवा म्हणाला, "उतरा थोडं, हलकी होईल." हे उतरले, गुडघ्यापर्यंत आत गेले आणि वर आले तेव्हा एका पायात पुणेरी जोडा नव्हता. खूप शोधला. चिखल हसल्यासारखा बुडबुडे सोडत होता. हे जोड्यासाठी हळहळत होते. मी मनात म्हणत होते, खाडीमाई, हे गजही घे. पण पाणी चढलं, होडी हलली, आणि गज सुखरूप कल्याणला पोचले.

पुन्हा कल्याण

बंदरावरून आम्ही थेट शाळेशी आलो, तर बैठक ओटीवर बसलेलीच होती. पट गुंडाळून ठेवला होता, सगळ्यांनी पागोटी घातली होती. हमालांनी गज खणखणत पायऱ्यांशी टाकले. हे एका जोड्याने लंगडत वर चढले. नानासाहेब म्हणाले, "या व्याही, तुम्ही बाहेरचे, तुम्ही साक्षी. शाळेत मुली नाहीत हे आम्ही चौघं सांगतो. तुम्हीही काल दिवसभर इथे होता. एक तरी आत गेली?"

"नाही," हे म्हणाले. खोटं कसं बोलतील! पट खेळत होते, तरी डोळे दारावरच होते बिचाऱ्यांचे.

"मग ठरलं."

मला राहवेना. मी वळसा घालून मागे गेले. या वेळी चढले नाही, खिडकीतून तोंड घालून बाईंना म्हटलं, "सगळ्या आहेत?"

"आहेत. शेवटचा दिवस म्हणून घरी जायला तयार नाहीत."

"बाई, त्यांना डोकावता येत नाही, मुलींना समोर जाता येत नाही. पण कान तर उघडे आहेत ना? पाढे मोठ्याने म्हणू द्या."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग मुलींकडे. म्हणाल्या, "मुलींनो, आज कुजबुजायचं नाही."

आधी सगळ्या एकमेकींना ढकलायला लागल्या. मग एकीने सुरुवात केली, दुसरी मिसळली, आणि एकदम बे एके बे असं उठलं, की आढ्यावरची कबुतरं फडफडत बाहेर पडली! मी धावत पुढे आले. ओटीवर चौघे पंच दगडासारखे बसले होते. नानासाहेबांना कमी ऐकू येतं, पण एवढं त्यांनाही आलं.

"आत कोण आहे?" ते म्हणाले.

"भुतं शिकताहेत बहुतेक," हे म्हणाले. ह्यांना अशा वेळी हमखास असं सुचतं.

नानासाहेब उठून दाराशी गेले. उंबऱ्याशी थांबले आणि आत न बघता, खांबाकडे तोंड करून, त्यांनी विचारलं, "गोदी आहे का आत?"

आत पाढे थांबले. सून सासऱ्याला उत्तर कसं देणार?

नानासाहेबांनी खांबाला हात टेकला. मग आवाज उतरवून म्हणाले, "बोलू नये हे मला कळतं. पण असेल, तर तिने सतराचा पाढा म्हणावा."

मग आतून एक बारीक आवाज आला. सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न. एकदा चाचरली, थांबली, पुन्हा मागून उचललं आणि दाहीपर्यंत नेऊन पोचवलं. नानासाहेब डोळे मिटून कान पुढे करून उभे होते. झालं तेव्हा त्यांनी उपरण्याने नाक पुसलं.

शेजारचे पंच म्हणाले, "नाना, बरोबर म्हटला का हो?"

"मला काय विचारता? मला बारापर्यंतच येतात." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "पण ह्या आत गेल्या कुठून?"

मी आभाळाकडे पाहिलं. बाई दाराआड गेल्या. विष्णूने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा गजांच्या ढिगाकडे, आणि इमारतीला वळसा घालून मागे गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता, पण ओठ हसत होते. हमालांना म्हणाला, "उचला रे, गज परत न्या." पंचांना म्हणाला, "मागच्या भिंतीत एक दार काढायचं राहिलंय. माझी चूक. ते करून देतो."

बैठक तिथेच मोडली. शाळा चालू राहिली, हे सांगायला नकोच. नानासाहेबांनी पटाची गुंडाळी बगलेत मारली, पानाचा डबा घेतला, तक्क्या दुसऱ्याच्या हातात दिला. पायरी उतरताना ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "व्याही, तुमच्या शाळेला ओटी करू नका. आम्ही बसतो."

हे म्हणाले, "मीही बसलो असतो."

विष्णूने तिथेच नकाशा काढून पायरीवर उलगडला आणि जुन्नरच्या शाळेची ओटी, जशीच्या तशी, मागच्या अंगाला उतरवून दाखवली. ह्यांनी मान हलवली. माझं काम झालं होतं.

ओटी रिकामी झाली तशा मुली दारातून बाहेर यायला लागल्या. आधी दोन, मग घोळका. पायऱ्यांचा अंदाज कुणालाच नव्हता. पहिल्याच पायरीला दोघी घसरल्या आणि हसत सुटल्या. गोदी सगळ्यांत शेवटी आली. रस्ता ओलांडून माझ्याजवळ उभी राहिली, वळून पाहिलं, आणि पाटी छातीशी धरून म्हणाली, "मावशी, आमची शाळा एवढी मोठी आहे?"